पाच सिनेमे, लाल टॅगशिवाय

सातपूरच्या एका कारखान्यात मी तेहतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होतो. लेथवरून माल आमच्या टेबलावर यायचा, आम्ही गेज लावून मापं तपासायचो, आणि ज्यात खोट असेल त्याला लाल टॅग बांधून बाजूला ठेवायचो. टॅगवर खोट नीट लिहायची: कुठे, किती, कशामुळे. चांगल्या मालाला टॅग नसतो. तो गुपचूप पुढे जातो. चांगला निघाला म्हणून त्याच्याबद्दल कुणी दोन शब्द लिहीत नाही, तशी पद्धतच नाही.

निवृत्त झाल्यावर ही नजर ठेवायची कुठे, असा प्रश्न पडला. भाजीवाल्याच्या काकड्या तपासून झाल्या. सोसायटीच्या जिन्याच्या पायऱ्या मोजून झाल्या (पहिल्या मजल्याची चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, बिल्डरला कळवलंय, उत्तर नाही). मग मी सिनेमाला लागलो. बायकोही त्याच वर्षी शाळेतून निवृत्त झाली होती. ती मराठी शिकवायची. दर शुक्रवारी गंगापूर रोडवरच्या घरातून आम्ही दोघं स्कूटरवर सकाळच्या शोला निघायचो. ती सिनेमा बघायची, मी तपासायचो. घरी आल्यावर दोनशे पानी वहीत नोंद करायचो. डाव्या पानावर निराशा, अगदी सविस्तर. उजव्या पानावर आवडलेले: सिनेमाचं नाव आणि पुढे बरोबरची खूण. बस.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक कौटुंबिक सिनेमा लागला होता. शेवटाकडे सासरा अंथरुणाला खिळलेला, आणि ज्या सुनेशी तो आयुष्यभर धड बोलला नाही ती त्याला चमच्याने पेज भरवतेय. थिएटरमध्ये चिडीचूप. बायकोने रुमाल बाहेर काढलेला. आणि मी म्हणालो, "वाटी बघ. मघाशी स्टीलची होती, आता काचेची झाली."

मी हळूच म्हणालो, असं माझं अजूनही म्हणणं आहे. पण पुढच्या रांगेतला एक जण फिस्सकन हसला, त्याने शेजारच्याला सांगितलं, आणि बघता बघता अख्खी रांग वाटी शोधायला लागली. बिचाऱ्या सासऱ्याने लोकांच्या हशात प्राण सोडला. वळून बघितलं तर शेजारची सीट रिकामी. बायको खाली पार्किंगमध्ये स्कूटरपाशी उभी होती, रुमाल तसाच हातात.

घरात शिरल्यावर ती म्हणाली, "आता मी तुमच्याबरोबर सिनेमाला येणार नाही."

"अगं, पण वाटी खरंच..."

"वाटी काचेची होती. मान्य. लिहा वहीत." मग तिनेच वही ओढून घेतली आणि उजवी पानं उलटायला लागली. "ही पानं अशी कोरी का?"

"ते आवडलेले सिनेमे आहेत."

"हो, पण त्यांत काय आवडलं?"

"आवडलं म्हणजे खोट सापडली नाही."

शेवटच्या बाकावरच्या पोरांकडे ती बघत असेल तसं तिने माझ्याकडे बघितलं. मग गृहपाठ दिला. वर्ष संपेपर्यंत मला आवडलेले पाच सिनेमे निवडायचे, प्रत्येकावर पाच वाक्यं लिहायची, आणि एकाही वाक्यात खोट काढायची नाही. जमलं तर नव्या वर्षात ती पुन्हा माझ्या शेजारी बसणार. नाही जमलं तर मी माझा एकटा, आणि ती तिच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या मैत्रिणींबरोबर. कायमची.

"टॉलरन्स किती? म्हणजे चूक किती चालेल?" मी विचारलं.

"टॉलरन्स शून्य," ती म्हणाली. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून तिने एवढा एकच शब्द उचलला होता आणि तो बरोबर माझ्यावरच चालवला.

पहिल्याच शुक्रवारी मी चिवड्याचा डबा घेऊन एकटा निघालो आणि दारातच पकडला गेलो. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. हा नियम मला माहीत होता, पण तो आपल्यालाही लागू आहे हे माहीत नव्हतं. इतके दिवस डबा बायकोच्या पर्समध्ये असायचा आणि तपासणाऱ्या बाईकडे ती अशी बघायची की ती बाईच ओशाळून बाजूला व्हायची. मी बाहेर उभं राहून सगळा चिवडा संपवला आणि आत गेलो तेव्हा पाट्या संपून सिनेमा सुरू झाला होता. त्या दिवशी डाव्या पानावर पहिली नोंद पडली ती माझ्याच खोटीची.

सिनेमाही एकेक असे आले की विचारू नका. एका युद्धपटात नायक हेलिकॉप्टरमधून पडतो, नदीतून वाहत जातो, तीन दिवस जंगलात चालतो, आणि भांग जागच्या जागी. एका भुताच्या सिनेमात भूत सोडून सगळ्यांचा मेकअप भीतिदायक होता. पण वर्षातली खरी निराशा कारखान्याच्या सिनेमाने केली. कामगाराची गोष्ट, असं पोस्टरवर होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. म्हटलं, अखेर कुणीतरी आपल्यावर सिनेमा काढला. तर त्यात नायक लेथवर उभा, मशीन गरागरा फिरतंय, तो कपाळाचा घाम पुसतोय, आणि माल पकडायच्या चकमध्ये जॉबच नाही! लोखंडाचा तुकडासुद्धा नाही. माणूस दोन मिनिटं हवा कापत होता, आणि मागे व्हायोलिन वाजत होतं. मला हसू नाही आलं. राग आला, आणि रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं. त्या एका प्रसंगावर मी साडेतीन पानं लिहिली. शेजारी सांगायला कुणी नव्हतं.

आवडलेल्यांचं पान मात्र हलेना. एप्रिलमध्ये एक सिनेमा आला, पन्नाशीच्या बाई स्कूटर शिकतात त्याचा. मला आवडला. घरी येऊन वही उघडली. 'नायिका छान आहे.' झालं. 'तिची स्कूटर छान आहे.' दोन. 'पण डावा आरसा...' इथे मी पेन खाली ठेवलं आणि हात धुऊन आलो. पाच वाक्यांना दोन तास लागले. आत स्वयंपाकघरात बायको भाकऱ्या थापत होती. मी वाक्यं पुटपुटतोय हे तिला ऐकू जात होतं, पण तिने मदत केली नाही.

जूनमध्ये लहान मुलांचा एक सिनेमा पाहिला, हरवलेल्या बोकडाचा. त्यावरचं पहिलं वाक्य मला अजूनही आवडतं: 'बोकडाने कुठेही जास्तीचा अभिनय केलेला नाही.' हे वाक्य जमल्यावर मी उठून खोलीत एक फेरी मारली. कौतुक करताना छातीत जरा मोकळं वाटतं, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. कारखान्यात कुणी सांगितलं असतं तर तिथेही करून बघितलं असतं.

तिसरा सिनेमा मालेगावला मिळाला. आमच्या कारखान्यातल्या एका जुन्या लेथ ऑपरेटरच्या मुलीचं लग्न होतं. हा माणूस सटाण्याकडचा, त्याच्या हातच्या मालाला मी कधी टॅग बांधला नाही, आणि त्याबद्दल कधी बोललोही नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो मला जुन्या टॉकीजमध्ये घेऊन गेला. डब केलेला मारामारीचा सिनेमा, पंखे बंद, आणि नायक आल्यावर अशा शिट्ट्या की पडदा हलला. मी सवयीने म्हणालो, "सहा गोळ्यांत अकरा माणसं पडली."

तो माझ्या कानाशी ओरडला, "साहेब, आठे मोजाले उनात का? देखा ना, पिच्चर भारी शे!"

इथे मोजायला आलात का, असं आजवर कुणी मला तोंडावर विचारलं नव्हतं. मी मोजणं सोडलं. मध्यंतरानंतर मी शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला, नुसतीच हवा आली. बाहेर चहा पिताना मी त्याला म्हणालो, "तुझं काम फार चांगलं होतं." तो म्हणाला, "कोणतं काम?" मी म्हणालो, "सगळंच. तेव्हाचं." त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझी तब्येत बरी आहे ना असं विचारलं.

चौथा ऑक्टोबरमधला, लग्नाच्या बँडमधल्या एका म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याचा. थिएटरमध्ये आम्ही मोजून सात जण. शेवटी तो रिकाम्या मांडवात एकटाच वाजवतो. माझे डोळे भरून आले. मी ते लपवायला डावीकडे वळलो आणि मग लक्षात आलं की तिकडे कुणी नाही, लपवायचं कुणापासून? ती पाच वाक्यं मी एका बैठकीत लिहिली.

डिसेंबर उजाडला तरी पाचवा सिनेमा मिळेना. जो बघावा तो डाव्या पानावर जात होता. इकडे बायकोचा मैत्रिणींचा कार्यक्रम जोरात होता. तिसऱ्या आठवड्यात पाच जणी एका विनोदी सिनेमाला निघाल्या. ती केसात गजरा माळून निघाली. माझ्याबरोबर येताना ती गजरा माळायची का, मला आठवेना. म्हणून मी मागोमाग गेलो.

नाशिकची डिसेंबरची थंडी, त्यामुळे कानटोपी आणि मफलर यांबद्दल कुणी काही विचारलं नाही. मी त्यांच्या मागे तीन रांगा सोडून कडेला बसलो. सिनेमा बघायचाच असं ठरवून बसलो होतो. पहिल्या दहा मिनिटांत पुढून एक हसू आलं, मोठं, गडगडाटी, शेवटी शिट्टीसारखं चिरकणारं. कोण बाई ही, म्हणून मी वाकून बघितलं. माझीच बायको होती. तिने शेजारणीच्या मांडीवर थाप मारली आणि पुन्हा तशीच हसली.

तेहतीस वर्षं नोकरी आणि त्याहून जास्त वर्षांचा संसार, आणि मी हे हसू ऐकलेलं नव्हतं. माझ्या शेजारी ती तोंडावर हात ठेवून हसायची. आता मी काय बोलेन, याच्याकडे तिचा एक कान कायम लागलेला असायचा. एवढी साधी गोष्ट मला तीन रांगा मागून कळली. मला फार वाईट वाटलं. पुढचा सिनेमा मी बघितलाच नाही. शो सुटल्यावर मी जिन्याच्या आड उभा राहिलो, त्या पाच जणी खिदळत निघून गेल्या, आणि मग मी घरी आलो.

एकतीस डिसेंबरच्या सकाळी पोहे खाऊन झाल्यावर तिने चष्मा लावला आणि म्हणाली, "वाचा." मी उभा राहून वाचलं. स्कूटरवाली बाई पास झाली. बोकडाच्या वाक्याला तिच्या ओठांचा कोपरा हलला. मालेगावच्या सिनेमात मी 'पंखे बंद होते' असं लिहिलं होतं. ती थांबली, विचार केला आणि म्हणाली, "ती खोट थिएटरची, सिनेमाची नाही. पुढे." क्लॅरिनेटवाल्याच्या वेळी तिने पोह्यांची बशी बाजूला सरकवली.

"पाचवा?"

मी वाचलं: "पाचवा सिनेमा तू मैत्रिणींबरोबर पाहिलास तो. मी तीन रांगा मागे कानटोपी घालून बसलो होतो. तू किती वेळा हसलीस ते मी मोजत होतो, मग मोजणं सोडलं. तुझं हसणं असं आहे हे मला माहीत नव्हतं. सिनेमा कसा होता ते मला सांगता येणार नाही, पण मला तो पुन्हा बघायचा आहे, तुझ्या शेजारी बसून."

तिने चष्मा काढला आणि पदराने पुसत म्हणाली, "गाण्याच्या आधी नायकाच्या डाव्या हातात घड्याळ होतं, गाणं संपल्यावर उजव्या हातात. ते पाहिलंत का?"

"नाही," मी म्हणालो. खरंच नव्हतं पाहिलं.

तिने माझ्या हातातून वही घेतली. तिचं लाल पेन अजून टेबलाच्या खणात असतं, ते काढलं. पाचव्या सिनेमापुढे बरोबरची खूण केली आणि तिच्या वळणदार शाळेच्या अक्षरात खाली लिहिलं: 'छान. शुक्रवारी सकाळी, दोन तिकिटं. डबा मी आणते.'