हात सोडायची जागा

ऑफिसने मला काही वर्षं अमेरिकेत पाठवलं होतं, तिथे मी काँट्रा नाच शिकले. समोरासमोर दोन रांगा असतात, एक बायकांची, एक पुरुषांची, आणि नाचता नाचता प्रत्येकाचं हळूहळू सगळ्यांबरोबर नाचून होतं. दिल्लीत द्वारकेला राहायला आल्यावर सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी मी तो शिकवू लागले. येणारी बहुतेक मराठी कुटुंबंच होती.

नाच मीच बसवायचे. मला सगळ्यात आवडायचं ते फिगर, म्हणजे नाचातल्या ठरलेल्या हालचाली, एकमेकींना जोडण्याचं काम. एक फिगर संपताना पुढच्या फिगरला लागणारा हात आपोआप मोकळा झाला पाहिजे, अंगाला झटका बसता कामा नये. पण एके ठिकाणी ते जमेना. बायका मधून पलीकडे जातात, समोरचा पुरुष डावा हात धरून त्यांना वळवतो आणि सोडतो. सगळ्यांचं सुरळीत व्हायचं, फक्त एका काकांपासून निघालेली बाई दर वेळी उशिरा पोचायची. काका केंद्र सरकारातून निवृत्त झालेले, बोलायला अतिशय गोड. मला वाटलं, माझंच बसवणं चुकतंय. मी फिगर बदलली. उशीर तसाच.

एका रविवारी एक जण आली नाही म्हणून मी तिच्या जागी उभी राहिले. काकांनी मला वळवलं आणि सोडायच्या जागी माझ्या तळव्यावर अंगठा घासला. सावकाश. ओलसर, मऊ अंगठा. घरी येऊन मी साबणाने हात धुतला, पुन्हा धुतला, तरी तो स्पर्श जाईना. मग क्लासमधल्या दोघींना फोन केला. त्यांना ते केव्हापासून माहीत होतं.

सोसायटीच्या कमिटीतल्या एका गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, वय झालंय यार त्यांचं, जाऊ द्या. तुम्ही फिगरच अशी बसवा की त्यांच्याकडे हात जाणारच नाही. मला काकांइतकीच त्यांचीही किळस आली.

पुढच्या रविवारी तीच जागा आली तेव्हा मी गाणं बंद केलं.

"काका, इथे हात सोडायचा असतो."

"अगं, तालात राहून जातो," ते हसत म्हणाले.

समोरच्या रांगेतून त्यांची बायको म्हणाली, "तालात नाही. लग्न झाल्यापासून बघतेय मी."

काका चपला घालून निघून गेले. काकू थांबल्या. पुरुषांच्या रांगेत एक जागा रिकामी झाली होती, तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "लाव गाणं."

त्यानंतर तीन-चार कुटुंबं यायची बंद झाली. मी भर क्लासमध्ये म्हाताऱ्या माणसाचा अपमान केला, असं व्हॉट्सॲपवर फिरलं. काकू मात्र येतात. काका लिफ्टमध्ये भेटले की अजूनही गोड हसून विचारतात, "काय, क्लास कसा चाललाय?" मी पुढच्या मजल्यावर उतरते आणि जिन्याने जाते.