अण्णांच्या बोटीवरचा जनरेटर

माझ्या वडिलांनी शहात्तराव्या वर्षी बोट विकत घेतली, याचं मला विशेष काही वाटलं नाही. तिच्यावर जनरेटर होता, याचं मात्र फार वाटलं.

अण्णांनी सगळी नोकरी कालव्यांचे नकाशे काढण्यात घालवली. कागदावर एवढं पाणी खेळवूनही स्वतः कधी घोट्याच्या वर भिजले नाहीत. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोड्यावर होते, आजोबा सायकलवर, अण्णा स्कूटरवर. घराणं एक दिवस पाण्यात उतरेल अशी बडोद्यात कुणालाच शंका नव्हती. पण चांदोदला नर्मदेकाठचं एक सहलीचं ठिकाण बंद पडलं, त्यांची जुनी बोट विकायला निघाली आणि अण्णा फतेगंजहून भाजी आणायला म्हणून गेले ते बोट घेऊन आले. (भाजी विसरले. आईला अजून त्याचाच राग आहे.)

बोट चांगली होती. वर पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना बाकं आणि मागच्या बाकाखाली एका लाकडी खोक्यात तो, पेट्रोलवर चालणारा जनरेटर! दोरी ओढली की सुरू व्हायचा आणि काठावरच्या गावातली म्हातारी माणसं घराबाहेर येऊन आभाळाकडे बघायची. एवढ्या खटाटोपातून चालायचं काय, तर एक पंखा, एक दिवा आणि आईचा मिक्सर. भर नर्मदेत ताजी चटणी वाटून खाणारं आमचं बहुधा एकमेव कुटुंब असावं.

"काढून टाका," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"राहू दे," अण्णा म्हणाले.

हे संभाषण अडीच महिने चाललं.

आता विजेच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा समजला जातो, कारण मी वाघोडियाला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात आहे. (मी तिथे खरेदी विभागात आहे. ट्रान्सफॉर्मर मी लांबून बघतो, तोही बंद असताना. पण हे घरात कुणी कधी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही.) शेवटी एका रविवारी मी रीतसर कागद केला. मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'ठेवावा', दुसऱ्या बाजूला 'काढावा'. 'काढावा'खाली सतरा मुद्दे होते. वजन, धूर, आवाज, पेट्रोलचा वास, आवाज पुन्हा एकदा. 'ठेवावा'खाली एकच ओळ होती. 'अण्णांना आवडतो.'

फतेगंजच्या घरी मी तो कागद खणखणीत आवाजात वाचून दाखवला. अण्णांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"सुहास, अक्षर सुधारलंय हं तुझं," ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

वासण्याला घरी परतताना माझी बायको मेधा गाडीत म्हणाली, "तू जनरेटरशी भांडतोयस की अण्णांशी?"

"जनरेटरशी!" मी म्हटलं. फारच चटकन म्हटलं.

तोडगा काढला नटूभाईंनी. नटूभाई आमची बोट चालवतात. वय अण्णांएवढंच. नदीकडे नुसतं बघून कुठे किती पाणी आहे ते सांगतात. ते म्हणाले, "जुओ अण्णासाहेब, एक आखो दिवस फरीए. एनुं काम पडे तो राखीए, न पडे तो काढी नाखीए." म्हणजे एक पूर्ण दिवस फिरायचं, त्यात जनरेटरची गरज पडली तर ठेवायचा, नाही पडली तर निरोप. मी आणि अण्णा, दोघांनीही मान हलवली. वाघोडिया रोडवरचा एक मंडपवाला तो घ्यायला तयार होताच.

पण मला माझ्या आईची खात्री होती. ती दिवसभरात कशाची ना कशाची चटणी काढणारच! म्हणून त्या दिवशी सकाळी चांदोदच्या घाटावर सगळे सामान चढवत असताना मी एक गोष्ट केली. मागच्या खोक्याजवळ वाकलो, पान्याने जनरेटरचा प्लग काढला आणि मोज्यात घातला.

प्लग म्हणजे अंगठ्याएवढी वस्तू, पण ती नसेल तर ठिणगी पडत नाही आणि जनरेटर म्हणजे नुसता दगड. बेत असा, की दुपारी आई मिक्सर काढेल, नटूभाई दोरी ओढतील, काही होणार नाही आणि मी दुःखी चेहऱ्याने म्हणेन, "बघा, ऐन वेळी दगा देतो. मी म्हणत नव्हतो?" (दुःखी चेहऱ्याचा सराव मी येताना गाडीच्या आरशात केला होता.) खिशात न ठेवता मोज्यात ठेवायचं कारण एवढंच, की माझे खिसे मेधाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.

निघताना आईने नेहमीप्रमाणे अण्णांच्या दम्याचं वाफेचं मशीन पिशवीत घातलं. "आई, एका दिवसाला कशाला ते?" मी म्हटलं. तिने पिशवीची चेन ओढली. आई ज्या गोष्टी करणार असते, त्यांच्यावर ती चर्चा करत नाही.

बोट सुटली. नदी शांत, हवा छान, आणि माझ्या घोट्यात प्लग रुतलेला! अर्ध्या तासात मी लंगडायला लागलो.

"पाय का ओढतोयस रे?" आईने विचारलं.

"काही नाही. मुरगळला."

"काढ मोजा. बाम चोळते."

"नको!"

"अरे, मी आई आहे तुझी. काढ!"

मी घाईने पाठ फिरवली, मोजा काढता काढता प्लग बुटाच्या टोकात सरकवला आणि दोन्ही बूट बोटीच्या कडेला नीट जोडीने ठेवले. पुढची पंधरा मिनिटं आईने माझ्या ठणठणीत पायाला बाम चोळला. एवढ्या प्रेमाने चोळला, की मला स्वतःची किंचित लाज वाटली. किंचितच.

दुपारी नदीच्या मधे एक पांढरंशुभ्र वाळूचं बेट दिसलं. मी म्हटलं, "नटूभाई, जवळ घ्या, फोटो काढू."

"साहेब, पाणी उतरे छे. चोंटी जशे," नटूभाई म्हणाले. वरच्या धरणातून पाणी कमी सोडलं की दुपारपर्यंत पात्र उतरतं, बोट चिकटेल, असं त्यांचं म्हणणं.

"अहो, दोन मिनिटं!"

दोन मिनिटं लागलीच नाहीत. एकाच मिनिटात बोट वाळूत रुतली आणि एका अंगाला कलली. मी मर्दासारखी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उडी मारली आणि धक्का दिला. बोट हलली नाही. मी मात्र कमरेपर्यंत वाळूतल्या खड्ड्यात गेलो. मेधाने फोटो काढला.

तोवर सगळं हसण्यावारी होतं. मग वारा सुटला. बेटावरची गरम, बारीक वाळू उडून सरळ बोटीत यायला लागली आणि अण्णांना खोकला सुरू झाला. पहिल्यांदा साधा. मग लागोपाठ. मग खोकला थांबला आणि नुसता श्वासाचा आवाज यायला लागला, शिट्टीसारखा. आईने त्यांचा तोंडात मारायचा पंप काढून दाबला. फुस्स! रिकामा. अण्णा दोन्ही हात बाकावर रोवून, खांदे वर चढवून बसले होते आणि त्यांचे ओठ मला नेहमीच्या रंगाचे वाटत नव्हते.

नटूभाईंनी घाटावर फोन लावला. दुसरी बोट निघाली, पण "पोणो कलाक लागशे." पाऊण तास!

"मशीन लाव," आई मेधाला म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "नटूभाई, जनरेटर चालू करो."

नटूभाईंनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण अडीच महिन्यांच्या सवयीने माझ्या तोंडातून "बघा!" एवढं निघून गेलं. मग बुटातला प्लग आठवला.

नटूभाईंनी खोक्यात डोकं घातलं आणि ओरडले, "अरे! आमां तो प्लग ज नथी! कोण काढी गयुं?"

मी बोटीत चढलो आणि बूट उचलला. आत हात घातला. रिकामा. दुसरा बूट? दुसरा बूट नव्हता! बोट कलली तेव्हा तो घसरून पाण्यात पडला होता आणि आता तीसेक हात पुढे, ऐटीत, भरुचच्या दिशेने निघाला होता.

मी पाण्यात उडी मारली आणि बुटामागे धावलो.

"सुहास!" मेधा किंचाळली. "अण्णांना श्वास घेता येत नाहीये आणि तू बूट आणायला जातोस?"

"साहेब, ए बाजू ना जता!" नटूभाई ओरडले. "मगर होय छे!"

मी बडोद्याचा माणूस. विश्वामित्रीच्या पुलावरून मगरी बघत मोठा झालो. पण त्या मी कायम वरून बघितल्या होत्या. आता मात्र पुढे एक काळं, लांबट काहीतरी पाण्यावर दिसत होतं आणि माझा बूट जाऊन त्यालाच टेकला होता. मागे अण्णांची शिट्टी ऐकू येत होती. मी डोळे मिटले, हात पुढे केला, बूट ओढला आणि उलटा पळालो. (ते बाभळीचं खोड होतं. मी मात्र तिथे भीतीने जे ओरडलो ते ऐकून खऱ्या मगरीही निघून गेल्या असाव्यात.)

बोटीत आल्यावर मी सगळ्यांसमोर बूट उपडा केला. पाणी पडलं, वाळू पडली आणि शेवटी टक् करून प्लग पडला.

मेधाने प्लगकडे बघितलं, बुटाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं आणि मी तशी पुष्कळ कारणं दिली आहेत.

"मीच काढला होता," मी म्हटलं.

नटूभाईंनी तो धोतराच्या सोग्याने पुसला, तीनदा फुंकला आणि पान्याने घट्ट बसवला. मला त्यांनी साधा पानाही धरायला दिला नाही. पहिली ओढ, खोकला. दुसरी ओढ, धूर. तिसऱ्या ओढीला तो असा काही धडधडला, की मला रडू आलं. पिशवीतलं मशीन घरघरायला लागलं, आईने मास्क अण्णांच्या तोंडावर धरला आणि वाफ आत जायला लागली.

जनरेटरच्या त्या आवाजात कुणाला कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. मेधाचे ओठ बराच वेळ माझ्या दिशेने हलत होते. मला एकही शब्द कळला नाही. देवाची कृपा, दुसरं काय!

हळूहळू अण्णांचे खांदे खाली आले. शिट्टी बारीक झाली, मग थांबली. मी त्यांच्या पायाशी ओल्या पँटने बसलो होतो आणि मनातल्या मनात आभार मानत होतो. नटूभाईंचे, मशीन पिशवीत घालणाऱ्या आईचे, नर्मदामैयाचे, बाभळीच्या खोडाचे आणि त्या सतरा मुद्द्यांना अडीच महिने दाद न देणाऱ्या माझ्या वडिलांचे. अण्णांनी खाली न बघताच माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी सातवीत नापास झालो होतो तेव्हाही असाच ठेवला होता.

दुसरी बोट आली, आम्ही निघालो. डभोईच्या डॉक्टरांनी छाती तपासून मोकळी असल्याचं सांगितलं. तरी रात्रभर फतेगंजला अण्णांच्या उशाशी मी बसून राहिलो आणि सकाळी माफी मागायला लागलो. "अण्णा, माझं चुकलं. मी मुद्दाम..."

"थांब," ते हळूच म्हणाले. "नवा पंप फ्रिजवर होता. मी मुद्दाम घेतला नाही. म्हटलं, मशीन लागेल आणि मशीनला जनरेटर लागेल. जुन्यात थोडं औषध असेल असं वाटलं. आईला सांगू नकोस."

"मला ऐकू येतं सगळं," आई दारातून म्हणाली. मग पुढचा अर्धा तास तिने आम्हा दोघांना एकाच दमात, काही फरक न करता झापलं. बोलणी खाताना शेजारी वडील असले की फार आधार वाटतो.

संध्याकाळी नटूभाई चौकशीला आले. जाताना म्हणाले, "अण्णासाहेब, महिनामां एक वार मशीन चलावीने जोई लेवुं. पडी रहे तो बगडी जाय." महिन्यातून एकदा जनरेटर चालवून बघायचा, नुसता पडून राहिला की बिघडतो.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "जनरेटर ठेवायचा. ठरलं."

"आणि याचं काय करायचं?" आईने माझ्याकडे बोट दाखवलं.

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "यालाही ठेवू," ते म्हणाले. "मधूनमधून चालवून बघत जाऊ."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अण्णा जनरेटरला आणि मला, दोघांनाही कामाला लावून बघतात. जनरेटर पहिल्या झटक्यात सुरू होतो.