सहाच जण आले

"प्रधान, उद्या वॉकओव्हर दिलात तर टीम बंद." एवढं बोलून मॅनेजरसाहेबांनी फोन ठेवला.

परळच्या एका गिरणीत मी वेलफेअर ऑफिसर होतो. कामगारांच्या तक्रारी, कॅन्टीन आणि गिरणीची फुटबॉल टीम, सगळं माझ्याच गळ्यात. शहराच्या लीगमध्ये आम्ही वरच्या डिव्हिजनला होतो, पण त्या मोसमात पार तळाला गेलो होतो. शेवटच्या मॅचमध्ये बरोबरी झाली तरी टिकणार. हरलो तर खाली. आणि खालच्या डिव्हिजनची टीम मालकांना नको होती. आमची पोरं बहुतेक बदली कामगार, म्हणजे कायमच्या कामगाराने खाडा केला तरच काम मिळणारी. खेळतात म्हणून त्यांना रोज काम मिळायचं. टीम गेली की तेही गेलं.

नेमका मॅचच्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, आणि लीगवाले तारीख बदलायला तयार नव्हते.

"अरे, खेळ म्हणजे काम नव्हे," मी आमच्या कॅप्टनला, बबन सावंतला, समजावून पाहिलं.

"साहेब, मला लालबागात तोंड दाखवायचंय," तो म्हणाला. "आम्ही नाय उतरणार."

नियम सरळ होता. एकच टीम आली तर तिला न खेळता विजय, तोच वॉकओव्हर. पण त्यासाठी निदान सात खेळाडू मैदानात हवेत. दोघांकडेही सात नसले तर मॅच पुन्हा.

समोर गोदीची टीम होती. त्यांचा कॅप्टन कांबळे. मी तडक शिवडी गाठली.

"कांबळे, तुम्हीही येऊ नका."

"मी नाय आलो तर आमचा साहेब क्लार्क लोकांना बूट घालून उभं करेल," तो म्हणाला. "बघतो."

नुसत्या 'बघतो'वर कुणाला झोप लागते?

हरताळाच्या दिवशी मैदानावर मी एकटाच गेलो. रेफ्री आला. गोदीचे साहेब खुर्ची टाकून बसले. आणि फाटकातून गोदीचे खेळाडू आत आले, पुढे कांबळे. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या.

मग मोजले. सहा.

रेफ्रीने पंधरा मिनिटं वाट पाहिली. मी फाटकावरची नजर काढली नाही. प्रत्येक येणारा मला सातवा वाटत होता.

"कांबळे, बाकीचे कुठे आहेत?" त्यांचे साहेब ओरडले.

"निघाले होते साहेब. हरताळात अडकले असतील."

'टीम मी आणतो' असं त्यानेच साहेबांना सांगितलं होतं. त्यामुळे क्लार्क आणायचं कुणाला सुचलंच नव्हतं. रेफ्रीने शिट्टी वाजवली. मॅच पुन्हा! मला तर कांबळेचे पाय धरावेसे वाटले.

मॅच पुन्हा झाली. आमची पोरं जीव तोडून खेळली, पण एक गोल बसलाच. मारला कांबळेने. शेवटपर्यंत आम्हाला तो फेडता आला नाही. टीम बंद झाली, आणि पोरं बदलीसाठी पुन्हा गिरणीच्या गेटवर उभी राहू लागली.

मॅचनंतर मी चिडून सावंतला म्हटलं, "एवढं केलं त्याने, मग एक गोल सोडला असता तर?"

सावंत माझ्यावरच भडकला. "साहेब, त्याने सोडला असता ना, तर मी त्याच्याशी आयुष्यात बोललो नसतो."

वेलफेअर ऑफिसर मी होतो. कुणाचं भलं कशात आहे, हे मला कळतं असा तोवर माझा समज होता.