मेलेल्या मटकीचा ताप

हसणार नसाल तरच सांगतो. हसणारच आहात म्हणा, पण सांगतो!

आष्टीच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राच्या शिक्षकाची जागा निघाली होती. बीडच्या क्लासेसमध्ये तासांवर शिकवून मी पार कंटाळलो होतो. ही नोकरी मला हवीच होती. मुलाखतीत पाठ घ्यायचा होता, विषय पेशींचं श्वसन. बाकीचे उमेदवार फळ्यावर आकृत्या काढणार. म्हटलं, आपण प्रयोगच दाखवू!

प्रयोग सोपा. एका थर्मासात मोड आलेली मटकी. ती जिवंत, तिच्या पेशी ऑक्सिजन घेऊन ग्लुकोज जाळतात, ऊर्जा सुटते, थर्मास आतून उबदार. दुसऱ्यात उकडलेली मटकी. ती मेलेली, म्हणून गार. दोन्हींत थर्मामीटर. खेळ खल्लास!

सकाळी मटकी उकडत होतो तर बायको म्हणाली, "अहो, फोडणी देऊ का?"

"ती मेलेली दाखवायचीय! तिला कसली फोडणी?"

तशीच थर्मासात कोंबली, बूच लावलं आणि पळत एसटी गाठली.

वर्गात समोर पोरं, मागच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष. थर्मामीटर वाचायला मी एका पोरीला पुढं बोलावलं.

"जिवंत मटकी किती?"

"तीस, सर!" टाळ्या पडल्या.

"आणि मेलेली?"

पोरगी थर्मामीटरकडे बघतच राहिली. "सर... साठ!"



"सर," अध्यक्ष म्हणाले, "मेलेली कशानं एवढी तापली?"

इथं गप्प बसावं की नाही? पण मी ठोकून दिलं, "मेल्यावरही काही पेशी... जरा जोरात श्वास घेतात."

"आरं देवा! मंग आमच्या म्हाताऱ्याला सरणावर ठेवायची आमी लईच घाई केली म्हणायची!"

वर्ग हशानं फुटला.

"तसं नाही साहेब, माणसाचं वेगळं..."

"न्हाई, उघडा ते. कोण श्वास घेतंय, बघू तरी."

बूच काढलं आणि भस्सकन वाफ माझ्या चष्म्यावर! अहो, गरम भरलेलं गरम ठेवणं हेच तर थर्मासचं काम. गॅसवरून उतरवलेली मटकी मी गार न करताच भरली होती. तिच्यात श्वास कुठला, नुसता उकाडा!

अध्यक्षांनी चार दाणे तोंडात टाकले. "शिजली भारी हाय. फोडणी तेवढी राहिली."

नोकरी आकृत्यावाल्याला गेली.

घरी बायको दारातच उभी. "काय झालं हो नोकरीचं?"

काय सांगणार? म्हटलं, "तुझी फोडणी घेतली असती, तर लागली असती!"