मावशींची वीजवाढ

मावशी शिवणकाम करायच्या आणि विजेशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. त्यात काही तत्त्व वगैरे नव्हतं, लागतच नव्हती. पायाने चालवायचं मशीन त्यांनी चाकांवर बसवून घेतलं होतं. सकाळी पूर्वेची खिडकी, दुपारी गॅलरी, संध्याकाळी जिन्याचं तोंड, असा उजेडाच्या मागे मागे त्यांचा दिवस जायचा. दूध शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये. महिन्याला सात युनिट. मीटर वाचायला येणारा माणूस काच पुसून पुन्हा वाचायचा आणि मग मावशींकडे संशयाने बघायचा.

वसाहत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि पाठोपाठ एकशे दहा पानांचा ऊर्जा आराखडा आला. त्यात अट अशी, की प्रत्येक कुटुंबाचा नव्या घरातला वीजवापर जुन्यापेक्षा चाळीस टक्के कमी झाला पाहिजे. ज्यांना हे जमणार नाही, त्यांना शहराच्या पार टोकाच्या इमारतीत जागा.

आराखडा समजावायला आलेली सल्लागार मुलगी स्वभावाने गरीब होती. नवं घर वीज वाचवणारं आहे, असं तिने सांगितलं. वाचवण्यासाठी भिंतीतला एक पंखा चोवीस तास फिरणार होता, आणि खोलीत कोणी नसलं की दिवा बंद करणारं यंत्र रात्रंदिवस जागं राहणार होतं. या नुसत्या वाचवण्यालाच महिन्याला अकरा युनिट लागणार होते.

"म्हणजे मी सातच जाळते म्हणून मला घर नाही?" मावशींनी विचारलं.

"तुमची बचत दिसत नाही ना, मावशी. पुढचे तीन महिने सगळ्यांचा वापर मोजायचाय. तेवढ्यात थोडा वाढवता आला तर बघा."

मावशींनी मनापासून प्रयत्न केला. भर दुपारी दिवा लावला आणि त्याखाली परक्या घरी आल्यासारख्या अवघडून बसल्या. तासाभराने हात आपोआप बटणाकडे गेला. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाला साठी उलटल्यावर उधळपट्टी शिकवायची म्हणजे काय थट्टा आहे?

शेवटी वसाहतीच्या सेक्रेटरींनी सभा बोलावली. ते निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे वेळापत्रकाशिवाय त्यांना श्वास घेता यायचा नाही. "मावशींना आपण टोकाला जाऊ द्यायचं का?" त्यांनी विचारलं. कोणीच हो म्हणालं नाही. मग ठरलं, की जिन्यातल्या सगळ्यांनी आपापली यंत्रं मावशींच्या खोलीत आणून चालवायची आणि त्यांचं बिल मिळून भरायचं. कोणी कधी यायचं याचं वेळापत्रक सेक्रेटरींनी तिथल्या तिथे आखलं.

दुसऱ्या दिवसापासून मावशींच्या दहा बाय बाराच्या खोलीत जत्रा भरली. वहिनी फ्रीजच घेऊन आल्या. सेक्रेटरींचं अख्खं घर सकाळी हीटर आणि बादल्या घेऊन रांगेत उभं राहायचं. तिसऱ्या मजल्यावरचा न्हावी केस वाळवायचं यंत्र आणायचा, आणि सोबत ओल्या डोक्याचं गिऱ्हाईक. कपडे धुवायचं मशीन एवढं थरथरायचं की मावशींची टीप वाकडी जायची. आजवर लोक मापं देऊन निघून जायचे, आता इस्त्री तापेपर्यंत बसायचे, इस्त्री झाल्यावरही बसायचे. मावशींना हे फार आवडलं. वीज वाढवायची आहे हे त्या विसरूनही गेल्या.

तीन महिन्यांनी सल्लागार मुलगी आकडे घेऊन आली. मावशींचा वापर महिन्याला सहाशे चाळीस युनिट निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने बाकीचे आकडे वाचले आणि टाळ्या थांबल्या. मावशींकडे जळलेली वीज आपल्या घरी जळत नव्हती, एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. वहिनी सहा युनिट, न्हावी आठ, सेक्रेटरी नऊ. जिन्यातल्या एकोणीस घरांपैकी एकट्या मावशी अटीत बसत होत्या.

"वेळापत्रक मीच केलं होतं," सेक्रेटरी खालच्या आवाजात म्हणाले.

घर मिळालं आणि मावशींना रडू कोसळलं. ही माणसं नसतील तर त्या नव्या घराला घेऊन काय करायचं?

मुलगीही रडवेली झाली होती. तिने आराखडा पुन्हा पहिल्यापासून चाळला आणि चौऱ्याण्णवाव्या पानावर तिला वाट सापडली. ती मावशींना म्हणाली, "यांनी वीज तुमच्याकडे वापरली ना? मग हे सगळे तुमच्यावर अवलंबून आहेत असं तुमच्या अर्जात लिहून द्या. वापर आणि बचत एकत्र धरता येईल. घरं ज्याची त्याला मिळतील."

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "मावशी, आम्हाला लिहाल का?"

अर्जात 'अवलंबून असलेल्या व्यक्ती' असा रकाना होता. मावशींनी आजवर प्रत्येक अर्जात त्या जागी मुकाट एक आडवी रेघ ओढली होती. त्यांनी पेन घेतलं. सेक्रेटरी, वय बहात्तर, म्हणजे मावशींपेक्षा आठ वर्षांनी मोठे. मग त्यांची मुलं, सुना, नातवंडं, वहिनी, न्हावी, न्हाव्याची आई. सगळ्यांची मापं त्यांना पाठ होती, पूर्ण नावं मात्र पहिल्यांदाच कळत होती. प्रत्येकाला विचारून, एकेक अक्षर टाका घातल्यासारखं त्या लिहीत राहिल्या. न्हाव्याच्या आईपाशी रकाना संपला.

"जागा पुरत नाही का, मावशी?" मुलीने विचारलं.

"नाही पुरत," मावशी म्हणाल्या. "अजून कागद दे, बाळ. माझी माणसं खूप आहेत."