मावशीच्या शनीवरचं दव

अन्याय माझ्या मावशीवर झाला. डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी, पनवेलच्या एका शाळेच्या मैदानावर, आमच्याच आकाशदर्शन मंडळाच्या कार्यक्रमात. हे आधीच लिहून ठेवते, कारण नंतर सगळ्यांनी "दव पडलं, कोण काय करणार?" म्हणून हात झटकले.

मावशी करंजा गावची. बंदरावर मासळी विकते. तिचा नवरा बोटीवरून परत आला नाही, तेव्हापासून लोक तिला ऐकवत आले, तुझ्या मागे शनी लागलाय. तिनं वर्षानुवर्षं शनिवारी तेल घातलं. मी म्हटलं, अगं, तो दुर्बिणीतून दिसतो, ये बघायला. ती लगेच तयार झाली. "येकदा त्याचा थोबाड बगाचाच हाय मना!"

आली, आणि रांगेत शेवटी उभी राहिली. मान्यवरांनी शनी आधीच बघून घेतला होता, अर्थातच. मग दुर्बीण उघडी टाकून सत्कार सुरू झाले. पाहुण्यांना शाल-श्रीफळ, उपाध्यक्षांना शाल-श्रीफळ, खुर्च्या पुरवणाऱ्यालाही शाल-श्रीफळ. त्यावर भाषणं. खाडीकडून ओली हवा येत होती. दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर दव बसलं. ते एका उत्साही सभासदानं सत्काराच्याच शालीनं पुसलं!

मावशीचा नंबर आला तेव्हा काचेवर पुन्हा दव होतं, शिवाय शालीची लव. ती वाकून बघत राहिली. "गो पोरी, निस्ता धुका हाय." मग सरळ झाली आणि हळूच म्हणाली, "मना नाय दिसाचा तो. मनाच नाय."

म्हणजे आमच्या हलगर्जीचा दोषही तिनं स्वतःच्या नशिबावर घेतला. माझं डोकं फिरलं. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. जासईच्या कंटेनर यार्डांतले दिवे आमचं आकाश खातात, त्यावर मी गावोगाव कागद वाटलेत. पण दवाविरुद्ध पत्रक काढून वाटणार कोणाला?

म्हणून हीटर केला. गोष्ट साधी आहे. काच जराशी कोमट राहिली की तिच्यावर दव धरत नाही. करंट सोडला की तापणाऱ्या रेझिस्टरची माळ सोल्डर करून घेतली, ती परकराच्या नाडीसारखी काळ्या पट्टीत शिवली, दुर्बिणीच्या तोंडाभोवती गुंडाळली आणि स्कूटरच्या बॅटरीला जोडली. दव गायब! पण शनीही कढईतल्या वड्यासारखा थरथरायला लागला. काच फार तापली होती. गरम हवेतून काही धड दिसत नाही.

मग हीटरला आवरायला कंट्रोलर बनवला. एक सेन्सर हवेत, तिची उष्णता आणि ओल मोजायला. दुसरा काचेच्या कडेला. मधे एक छोटा बोर्ड. आत्ताच्या हवेत दव किती तापमानाला धरेल हे तो काढतो, आणि काच त्याच्या जेमतेम वर राहील एवढाच करंट सोडतो. प्रोग्राम मी लिहिला. चुकला, परत लिहिला. सगळं चकलीच्या रिकाम्या डब्यात बसवलं. बाजारातला चकचकीत कंट्रोलर आणून शेजारी ठेवा, माझा डबा मान खाली घालणार नाही. मी तर नाहीच नाही.

पुढच्या कार्यक्रमाला मावशी यायला तयार नव्हती. "परत नाय दिसला तं?" तिला खरी भीती तीच होती. मी बंदरावर गेले, ती टोपली आवरेपर्यंत तिथंच बसले आणि तिला घेऊन आले.

मंडळाच्या अध्यक्षकाकांनी डब्यातून निघालेल्या वायरी बघितल्या. "फुटणार नाही ना हे?"

"नाही काका. तुमचं भाषण सहन करायला बनवलंय."

काकांनी ते मनावर घेतलं आणि नेहमीपेक्षा जास्तच बोलले. खुर्च्या भिजल्या, गवत भिजलं, त्यांचा माईक भिजला. काच कोरडी! मी टॉर्च मारून पुन्हा पुन्हा बघत होते आणि एकटीच हसत होते. भाषण चालू असतानाच मावशीला रांगेच्या शेवटून पुढे आणलं. "अहो, पाहुणे आधी," कोणीतरी कुरकुरलं. "पाहुणीच आहे," मी म्हटलं.

मावशी वाकली. एक डोळा मिटून बघत राहिली.

"यो?" ती म्हणाली. "यो तं कानातला डूल हाय गो! येवढ्याशाला भित व्हते मी?"

ती मोठ्यानं हसली. काकांचं भाषण थांबलं. मावशीनं पदर खोचला आणि परत बघायला रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

आता तुम्हाला सांगते. तुमच्या गावात आकाशदर्शन ठेवाल तेव्हा काचेला हीटर लावा. जमत नसेल तर मला बोलवा, शिकवते. आणि शाल-श्रीफळाला हात लावण्याआधी रांगेच्या शेवटी जा, तिथं जे माणूस उभं असेल त्याला हाताला धरून दुर्बिणीपाशी आणा. भाषण नंतर करा.