तिकडे कोण ऐकतंय?

कार्यक्रम संध्याकाळी साडेपाचला होता, आणि हिरामण म्हात्रे सकाळी सातपासून बूट घालून घरात येरझारा घालत होता. थळच्या त्या घराची पडवी आठ पावलांत संपते. आठ पावलं झाली की तो कॅलेंडरपुढे थांबायचा, उगाच तारीख बघायचा आणि परत फिरायचा.

“अवं, बसा की जरा,” त्याची बायको ठमाबाई आतून म्हणाली. “गारी तीनला येनार हाय ना?”

“मना ठाव हाय कवा येनार ती.”

पण तो बसला नाही.

हिरामणला चौऱ्याहत्तरावं वर्ष लागलं होतं. त्याचा बाप मिठागरात राबायचा आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. हिरामण सोळाव्या वर्षी मुंबईला गेला आणि धोबीतलावला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या दुकानात लागला. तिथे लुसियो मास्तर नावाचे एक गोवेकर ट्रंपेटवाले यायचे. दुरुस्त केलेला सॅक्सोफोन तपासायला म्हणून हा पोरगा जे वाजवायचा, ते त्यांनी दोन-तीनदा ऐकलं आणि त्याला आपल्याबरोबर नेलं. त्यांनी त्याला नोटेशन वाचायला शिकवलं, जॅझ शिकवलं. पुढची अकरा वर्षं हिरामण समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात काळा कोट घालून रोज संध्याकाळी वाजवत होता. मग हॉटेलवाल्यांनी एकेक करून बँड बंद केले. मास्तर गोव्याला परतले, हिरामण थळला. इथे त्याने हळदीला आणि वरातीला वाजवलं, गावोगावची पोरं तयार केली. जॅझ मात्र सोडला नाही. ऐकायला कुणी नसलं तरी घरामागच्या वाडीत रोज तासभर वाजवायचा.

आता मुंबईच्या एका संस्थेला त्याचा पत्ता लागला होता. जुन्या वादकांचे कार्यक्रम ते इंटरनेटवरून थेट दाखवायचे. काशीदच्या एका रिसॉर्टचा हॉल त्यांनी घेतला होता.

एवढं सगळं चांगलं होतं. पण तीन आठवड्यांपूर्वी अलिबागच्या डॉक्टरांनी त्याचे वरचे उरलेसुरले चार दात काढले होते आणि कवळी बसवली होती. सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांखाली धरावं लागतं. खालचे सूर कसेबसे निघायचे, पण वर जायला जोर लावला की कवळी सरकायची आणि सॅक्सोफोन किंचाळायचा. हे ठमाबाईशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. बरोबर वाजवणाऱ्या तिघांनाही त्याने सांगितलं नव्हतं.

तीनची गाडी पावणेचारला आली. आत अंबाजी आणि विनेश बसले होते. अंबाजी त्याच्याच वयाचा, भातशेती करणारा, पन्नास वर्षं त्याच्याबरोबर ड्रम वाजवणारा. विनेश रेवदंड्याच्या शाळेत मास्तर होता आणि बेस गिटार वाजवायचा. चौथी प्रणाली परस्पर काशीदला येणार होती. नर्सची नोकरी सांभाळून ती पियानोच्या सुरात कीबोर्ड वाजवायची. जॅझ ती हिरामणकडेच शिकली होती.

“तोंड का बांधून बसलायस?” अंबाजीने गाडीत विचारलं.

“आवाज जपतोय.”

“तू काय गानार हायस?”



हॉलमधली टेबलं हलवून चौघांसाठी जागा केली होती. समोर तीन कॅमेरे होते. सोनल नावाची मुलगी कानाला हेडफोन लावून सगळं सांभाळत होती. हिरामणने हॉलभर नजर फिरवली.

“खुर्च्या कुठं आहेत?”

“कुणाच्या?”

“लोकांच्या.”

“आजोबा, लोक इथे नाही येणार. ते आपापल्या घरी बघणार,” सोनल म्हणाली. “तुम्ही फक्त या मधल्या कॅमेऱ्याकडे बघा.”

त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. पण समजून घेणं वेगळं आणि रिकाम्या फरशीकडे बघत उभं राहणं वेगळं.

तालमीत त्याने वरच्या सगळ्या ओळी खाली उतरवून वाजवल्या. प्रणालीने मान वर केली. “मास्तर, हे आपण असं बसवलं नव्हतं.”

“तू तुझं बघ,” तो तुटकपणे म्हणाला. ती पुढे सगळा वेळ त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

साडेपाचला सोनलने बोटांनी पाच ते एक मोजलं आणि कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. पहिली मुंबईच्या दिवसांतली एक जलद रचना होती. ती बरी गेली. संपली, आणि हॉलमध्ये काहीच झालं नाही. कुठेतरी फ्रीज घरघरत होता, तेवढाच आवाज.

हिरामण आयुष्यभर न ऐकणाऱ्या लोकांसाठीच वाजवत आला होता. हॉटेलात लोक जेवायचे, हळदीला लोक नाचायचे. तरी वाजवणं पोचतंय की नाही हे त्याला कळायचं. एखाद्याचा चमचा ताटाशी थबकायचा, नाचणारीचं पाऊल अर्धा क्षण उशिरा पडायचं. त्यावरून तो पुढचं ठरवायचा. इथे त्या काळ्या भिंगावरून काहीच ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या रचनेत कवळी एकदा सरकली. त्याने सूर गिळला आणि विनेशकडे हात करून त्याला पुढे केलं. विनेशला आपली पाळी इतक्या लवकर अपेक्षित नव्हती. तो गोंधळला, पण सावरला. हिरामणच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते.

तिसरी रचना त्याची स्वतःची होती. एका वर्षी दिघीकडलं लग्न वाजवून आगरदांड्याला परतताना त्यांची लाँच मधेच बंद पडली होती आणि खाडीत दोन तास डोलत राहिली होती. इंजिन सुरू करायची खटपट चालली होती. ते धडधडायचं, अडखळायचं, एक ठोका सोडायचं, पुन्हा धडधडायचं. त्या अडखळत्या ठेक्यावर त्याला ही धून सुचली होती. तिचं नाव त्याने ‘दिघी’ ठेवलं होतं.

अंबाजीने तो ठेका धरला. हिरामणने श्वास घेतला, सॅक्सोफोन तोंडाला लावला, आणि तिसऱ्याच सुराला कवळी निसटली. सॅक्सोफोन असा ओरडला की सोनलने हेडफोनवर हात दाबले.

त्याने वाद्य खाली केलं. ठेका चालूच होता. प्रणालीने दोन सूर टाकून जागा भरली आणि त्याच्याकडे बघितलं. ती वाट बघत होती, तिघेही वाट बघत होते, आणि ते काळं भिंगही. हिरामणला भयंकर राग आला. दातांचा, भिंगाचा आणि तीन आठवडे तोंड लपवत फिरलेल्या स्वतःचा. त्याने खिशातून रुमाल काढला, कॅमेऱ्यासमोरच कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली. मग माईकजवळ वाकला.

“माफ करा,” तो बोबड्या आवाजात म्हणाला. “दात नवे हायेत. त्यांना वाजवता येत न्हाय.”

विनेशने हसू दाबायला मान खाली घातली. हिरामणने वरचा ओठ हिरडीवर दुमडला आणि फुंकलं.

असं त्याने आधी कधी वाजवलं नव्हतं. सुरात श्वास ऐकू येत होता, झळाळी गेली होती. वरचे सूर लागतच नव्हते. त्यांची वेळ आली की तो थांबायचा, जागा मोकळी सोडायचा. दुसऱ्यांदा जागा सुटली तेव्हा प्रणालीच्या लक्षात आलं. ती तिथे एकच सूर ठेवायची आणि बाजूला व्हायची. धून सहा मिनिटांची ठरली होती. किती वेळ चालली ते कुणीच बघितलं नाही. संपली तेव्हा त्याच्या ओठाला रक्त आलं होतं, आणि सोनल पुढचा इशारा करायचं विसरून उभी होती.

आवरताना त्याने तिला गाठलं. “तिकडं किती लोक होते?”

“शेवटी दोनशे अठरा. मधे तर तीनशेच्या वर गेले होते!”

“मग बाकीचे गेले का?”

“जातातच हो आजोबा. त्यात काही नसतं.”

काशीदपासून थळपर्यंत तो गेलेल्या त्या लोकांचाच विचार करत होता. धून लांबली म्हणून गेले? की दात बघून गेले?

घरी ठमाबाई दारातच उभी होती.

“पुऱ्या गावासमोर दात काढलं! आख्खी बायामानसं टीव्हीपुढं बसलेली. एवरं मोठं तोंड दिसत व्हतं तुमचं!”

“धून कशी झाली?”

“मना काय ठाव? मी पदरात तोंड घालून बसलेली.”

तिने ताट वाढलं. तांदळाची भाकरी त्याच्यासाठी कुस्करून मऊ कालवणात भिजवली. तो जेवत असताना थोड्या वेळाने म्हणाली, “लाँच बंद परलेली, त्या दिसाचं हाय ना त्ये?”

हिरामणचा हात थांबला. तिला त्याने हे कधीच सांगितलं नव्हतं. “तुला कोनी सांगितलं?”

“सांगायला कशाला लागतंय? त्या रातीला तुमची वाट बघत मी दारात बसलेली न्हवती का?” ती म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली.

आठवड्याने, रविवारी सकाळी, प्रणाली मोबाईलवर कार्यक्रम घेऊन आली. खाली लोकांनी बरंच लिहिलं होतं. निम्म्यांनी दातांबद्दलच लिहिलं होतं. श्रीवर्धनच्या बँडमधल्या एका क्लॅरिनेटवाल्याने विचारलं होतं की ओठ नेमका कसा दुमडलात, माझेही दात गेलेत. हिरामणने त्याला सविस्तर उत्तर सांगितलं आणि प्रणालीकडून दोनदा वाचून घेतलं.

मग ‘दिघी’ लावली. तो डोळे मिटून ऐकत होता. एकाएकी त्याने डोळे उघडले. “मागे घे.”

तिने मागे घेतलं.

“परत घे.” तिसऱ्यांदा ऐकून तो उठलाच. “इथं मी धावलोय. ठेका सोडून पुढं पळालोय.”

“मास्तर, लोकांना कळलंसुद्धा नाही.”

“मला कळलं ना.”

तो तसाच चपला घालून निघाला. अंबाजी शेतात वालाच्या शेंगा तोडत होता. हिरामण बांधावरून हाका मारतच गेला.

“नवव्या मिनिटाला तू बरोबर व्हतास. मी पलालो.”

“ठाव हाय,” अंबाजी मान वर न करता म्हणाला. “तवाच समजला मना.”

“मंग बोल्ला का नाय?”

“तू तवा आयकनार व्हतास?”

हिरामणने चपला बांधावर काढल्या. मग म्हणाला, “चल. आताच बसू.”

“येवरा वाल तोरून होऊं दे.”

हिरामणला थांबवेना. तो शेतात उतरला, अंबाजीशेजारी वाकला आणि शेंगा ओरबाडायला लागला. ओरबाडता ओरबाडता गुणगुणायलाही लागला. ते नववं मिनिटच होतं. शेंगा टोपलीत पडत होत्या, काही बाहेर पडत होत्या, आणि त्याचे हात भराभर पुढे चालले होते.

“जरा हलू, हिरामन,” अंबाजी म्हणाला. “हलू.”